सान पेद्रोची कोकरं

१९ मे, किटो

पायाच्या खाजेसाठी गेले आणि भाचीच्या हृदयाची काळजी पदरात घेऊन आले! असला डॉक्टर आजवर बघितला नव्हता.

झालं असं. जत्रेच्या आकाशपाळण्याचं लोखंड धुवायचं काम या आठवड्यात माझ्याकडे आहे. ओले बूट, वर किटोची थंडी, बोटांच्या बेचक्यांत आग. मालक म्हणाला, "जा बाई दाखवून ये, नाहीतर गिऱ्हाईकं म्हणतील पाळण्यावर माकड ठेवलंय." देवळामागे फुकटचा दवाखाना आहे. तिथला कातडीचा डॉक्टर म्हातारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पाय बघितला — बुरशी. मलम दिलं. झालं की काम! पण माझं तोंड गप्प बसतंय होय? म्हटलं, डॉक्टर, समुद्रकाठच्या आमच्या ला बोकानिता गावात असे पाय कुणाचेच नसतात. आणि सान पेद्रोच्या कोकरांचे तळवे तर असे, की काटा टोचायला गेला तर काटाच मोडेल.

"कोकरं म्हणजे?"

मोबाईल काढून विएल्काचा फोटो दाखवला. विएल्का म्हणजे माझ्या उबाल्दिनाताईची मुलगी, नऊ वर्षांची. डोक्यावर अस्सल लोकर — मेंढीच्या अंगावर असते तशी, फणी रडेल अशी. फोटोत दोन्ही हात वर करून हसतेय. तळहात पिवळट, जाड, सत्तर वर्षांच्या कोळ्याचे असावेत तसे. जन्मली तेव्हा लोकर होतीच. हात मात्र ती रांगायला लागल्यावर असे झाले. आमच्या गावात दर पिढीत अशी दोन-चार जन्मतात. सान पेद्रो कोळ्यांचा संत, आणि कोकरांचा राखणदारही तोच. म्हणून ही त्याची कोकरं. जन्मली की दारूचे बाण उडवतात!

डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला. फोटो मोठा केला. अजून मोठा केला.

"दम लागतो का हिला?"

मी हसलेच. कोकरांना दम? अहो, आमच्याकडे कोकरं मासेमारीच्या जाळ्याचा दोर ओढतात!

"पळता पळता पडते कधी? चक्कर?"

आता हे त्यांना कुणी सांगितलं? नाताळात पडली होती. ताईनेच फोनवर हसत हसत सांगितलं होतं, "पोरगी नाचता नाचता झोपली!"

मग म्हाताऱ्याने चष्मा काढून ठेवला. म्हणाला, कातडीचे कण ज्या टाक्यांनी एकमेकांना शिवलेले असतात ना, हृदयाचं मांसही त्याच टाक्यांनी शिवलेलं असतं. टाका जन्मापासून कच्चा असेल तर तो केसांत दिसतो, हातांत दिसतो. हृदयात दिसत नाही, पण असतो. हृदय रोज धडधडतं, रोज ताण, टाका उसवत जातो आणि हृदय सैल पडतं. "लहान वयातच. तिला हृदयाच्या डॉक्टरला दाखवा. लवकर. आणि तोवर दोरबीर काही नाही!" पोर्तोव्हिएहोच्या एका बाईंचं नाव सांगितलं, डॉक्टर साल्तोस. मी हातावर लिहून घेतलं.

बाहेर आले तर कोपऱ्यावर डुकराचं मांस तळत होते. खाल्लं. तिथे एक कुत्रं होतं, तीन पायांचं, पण काय ऐट! त्याच्या मागे बाजारभर हिंडले. परत आले तर हातावरचं नाव निम्मं पुसलेलं. "साल्तोस" राहिलंय तेवढं इथे उतरवते.

२० मे

आज पाळणा फिरताना मनात सारखा तेल्मो. आमचा चुलतभाऊ, कोकरूच. चौदाव्या वर्षी, होडी पाण्यात ढकलताना गेला. सगळे म्हणाले, सान पेद्रोने आपल्या होडीवर घेतला. त्याच्या आधी रोसेन्दोकाका, कोंचा आत्याचा भाऊ, तोही तसाच. दोघांच्या मातीला बाण उडवले, बँड वाजवला. मी तेल्मोच्या वेळी मिठाई खाल्ली होती, चांगली आठवते.

सान पेद्रोला इतके खलाशी लागतात कशाला, हे कुणी कधी विचारलंच नाही!

२१ मे

मालकाला सांगितलं, चालले. "पुन्हा?" म्हणाला. दर वेळी "पुन्हा?" म्हणतो आणि दर वेळी परत घेतो. चांगला आहे.

२४ मे, बान्योस

सरळ घरी जायचं ठरवून उलट्या दिशेला आले. कांद्याच्या ट्रकवाल्याने बसवून घेतलं, त्याच्या शेजारी त्याची आई. ती म्हणाली, गरम पाण्याचं कुंड बघितलं नाहीस? जन्म फुकट! बघितलं. पायाची खाज गेली. गुळाची चिक्की ताणताना बघत अर्धा दिवस उभी होते.

जेसेनिया, घरी जा!!

२८ मे, ला बोकानिता

पोचले. किनाऱ्यावर ढग खाली उतरलेत, जूनसारखी थंड भुरभुर लागलीय. बसमध्ये एक जंतावरच्या गोळ्या विकत होता, भाषण असं ठोकलं की मीच घेणार होते.

विएल्काने लांबूनच ओळखलं. "मावशी! मावशीईई!" करत पुळणीवरून पळत सुटली. मी हात पसरून उभी. अर्ध्या वाटेत थांबली. खाली बसली. डोकं गुडघ्यांत. मग उठली, चालत आली, गळ्यात पडली.

"काय गं, थांबलीस का?"

"चपलेचा बंद बांधत होते."

पाय अनवाणी होते.

२९ मे

कोंचा आत्याने निरोप धाडून बोलावलं. ती आमच्या बाबांची मोठी बहीण, अडुसष्ट वर्षांची, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या ओढजाळ्याची मालकीण. जाळं होडीतून अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून साऱ्या गावाने दोन दोर धरून ओढायचं. आत्या वाळूत पालथ्या टोपलीवर बसते आणि शिव्या देते. तिच्या शिव्यांशिवाय मासा येत नाही म्हणतात.

"आली का आमची भटकभवानी! पाळणा बंद पडला, की पाळणावाला?"

गालाचा मुका घेतला, लगेच पाठीत धपाटा. मग बातमी — यंदा सान पेद्रोच्या दिवशी दोराच्या टोकाला विएल्का! एकोणतीस जूनला पहिलं जाळं टाकतात, त्या दोराचं टोक कोकरानेच धरायचं, असा आमच्याकडे नेम. इतकी वर्षं एदिसन धरायचा. पण कोकरू नऊ वर्षांचं झालं की त्याचा मान. झालर लावलेला पांढरा झगाही शिवायला टाकलाय.

मी तोंड उघडलं तर आत्या दुसऱ्याच विषयावर.

"आणि तू. एदिसन किहिहे. काय वाईट आहे? इंजिनं दुरुस्त करतो, दारू नाही, स्वतः कोकरू! तुझ्या घरात कोकरू, त्याच्या घरात कोकरू. याहून चांगली जोडी देव तरी काय जमवणार?"

आमच्याकडे सोयरीक अशीच बघतात. आधी कोकरं, मग बाकीचं. चाळीस वर्षं आत्याच जमवत आलीय. ताईचं लग्नही तिनेच लावलं, कोकरांच्याच घरात. भाऊजी मान्ता बंदरात टूना पकडणाऱ्या जहाजावर असतात, घरी असून नसल्यासारखे.

एदिसनचं नाव निघालं तेव्हा मी उगाच टोपली न्याहाळत होते. आत्याने ते बघितलं. तिला सगळं दिसतं!

३१ मे

ताईला सांगितलं. मासा साफ करता करता सांगितलं म्हणून बरं, नाहीतर सुरी माझ्यावरच आली असती.

"डॉक्टरने फोटो बघून सांगितलं? फोटो! हात लावला? कान लावला?"

"ताई, तो म्हणाला, फक्त तपास."

"पाळण्यावर गोल फिरून फिरून डोकं फिरलंय तुझं. पोरीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान आणि तू अपशकुन घेऊन आलीस. कुणाला एक अक्षर बोललीस तर बघ."

मग तिने शेंगदाणे घालून माशाचं सार केलं आणि माझ्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढला. तिचं असंच असतं.

३ जून

एदिसनचं दुकान म्हणजे बदामाच्या झाडाखाली एक टेबल. त्यावर उघडं इंजिन आणि इंजिनात त्याचं डोकं. लोकर ग्रीसने माखलेली. मी मागून म्हटलं, "मेंढी धुवायला काढलीय की काय?" डोकं वर न काढता म्हणाला, "भटकी कुत्री हाकला रे कुणीतरी." पाचवीत एका बाकावर होतो, तेव्हापासून हे असंच. सहावीत मी शाळा सोडली तेव्हा माझं शिसपेन्सिलीचं थोटूक त्याने ठेवून घेतलं होतं. अजून आहे म्हणतो. खोटारडा.

त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. बोल्ट फिरवत होता, एकच बोल्ट, कितीतरी वेळ.

"आणि मग? काय करतात त्यावर?"

"गोळ्या. आणि ओढायबिढायचं नाही."

"हं," म्हणाला. मग एकदम हसला, टेबलावरचं इंजिन छातीशी धरून उचललं आणि झाडाला चक्कर मारून आला. "हे बघ सैल हृदय!"

खूप हसलो. इंजिन ठेवून लगेच खाली बसला. इंजिनच तसं होतं म्हणा, दोन माणसांनी उचलायचं.

६ जून

आत्याला कळलंच. ताई पोटात काही ठेवू शकत नाही. सगळ्या बायकांसमोर, जाळं विणता विणता, माझी उलटतपासणी!

"कोकरांना रोग म्हणतेस? एदिसनकडे बघ! चोवीस वर्षांचा बैल. दोर हातात घेतला की दुसरी बाजू रडते. तो रोगी?"

मी म्हटलं, आणि तेल्मो?

सगळ्यांचे हात थांबले.

"तेल्मो सान पेद्रोकडे आहे," आत्या म्हणाली. पण शिवी नाही दिली. आत्या शिवी देत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

एदिसनच्या दाखल्यावर मी काय उत्तर देणार? खरंच बैल आहे. मलाही बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

९ जून

आज काही नाही. पेलिकनाने शेजारच्या पेद्रानितीची टोपी पळवली. दिवसभर तेवढंच.

१२ जून

विएल्का पडली.

दोर ओढायचा सराव चालू होता. मी नको म्हणत होते, कोण ऐकतंय! ती टोकाला, पाय वाळूत रोवून, जीभ बाहेर. मागे एदिसन आणि पोरं. आत्या ओरडतेय, "आणि ओढ! आणि ओढ, बाळे!" आणि पोरगी दोर न सोडताच खाली बसली, मग आडवी झाली. ओठ जांभळे. चपलेचा बंद नाही, काही नाही.

एदिसनने उचलून सावलीत आणली. क्षणभरात डोळे उघडले. म्हणाली, "मासे आले?"

ताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. लोकरीत बोटं घालून बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बाईचं नाव काय म्हणालीस?"

१४ जून

किती लिहू! हात दुखला तरी लिहिणार.

पोर्तोव्हिएहोला आम्ही चौघी — विएल्का, ताई, मी आणि आत्या. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं. पहाटे बसथांब्यावर ती आधीच हजर, मोत्यांचे डूल घालून. "माझं कोकरू काढून घेणारी बाई कोण आहे ते बघायचंय मला." बसमध्ये विएल्काने खिडकी घेतली, आत्याने उरलेली सगळी जागा.

डॉक्टर साल्तोस तरुण निघाल्या, पायात खेळाचे बूट. विएल्काचे केस, तळहात, तळवे बघितले, छातीला कान लावला, तारा लावून आलेख काढला. मग अंधाऱ्या खोलीत पलंगावर झोपवलं, छातीवर थंड चिकट औषध. पोरगी खिदळतेय, "मावशी, जेली! जेली लावतायत!" — आणि पडद्यावर तिचं हृदय.

मला काय कळतंय? करड्या ढगात काहीतरी हलत होतं. मोठं होतं. हळू हलत होतं.

आत्या म्हणाली, "यंत्र बिघडलंय."

साल्तोसबाई म्हणाल्या, नाही आई, बिघडलेलं नाही.

"मग माझं लावा! बघू खोटं बोलतं का!"

ताई म्हणाली, आत्या, इथे असं नसतं. पण साल्तोसबाई शहाण्या. म्हणाल्या, या, झोपा. आणि कोंचा आत्या खरंच पोलकं वर करून पलंगावर आडवी झाली, डुलांसकट! विएल्का खुर्चीवर चढून बघतेय. आणि पडद्यावर — बाप रे! मूठ! आवळली, सोडली, आवळली, सोडली. अडुसष्ट वर्षांची मूठ, वाटलं की पडद्यातून बाहेर येऊन माझ्या पाठीत बसेल.

"आता पुन्हा पोरीचं," आत्या म्हणाली.

पुन्हा विएल्का. तो डावा कप्पा, फुगलेला, भिंती पातळ, निम्मंही आवळत नाही.

आत्या पडद्याजवळ गेली. कितीतरी वेळ बघत राहिली. चाळीस वर्षं ती किनाऱ्यावर बसून दोराकडे बघतेय, कोण ओढतंय आणि कोण नुसतं धरून उभं आहे ते तिला लांबून कळतं. हळूच म्हणाली, "हे ओढतंय. पण जाळं येत नाहीये."

"अगदी तसंच," साल्तोसबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. गोळ्या आजपासून. अंगावर लावायचं यंत्र देणार, ठोके नोंदवायला. पुढे कदाचित कातडीखाली काडेपेटीएवढं एक यंत्र बसवतील. ठोका चुकला की ते आतून धक्का देतं. शाळा चालेल, हसणं चालेल, नाचणं हळू चालेल. पळणं नाही, ओढणं नाही. "वेळेत आलात. हे रोज म्हणायला मिळत नाही मला."

ताईने विचारलं, माझ्यामुळे झालं का? पोटात असताना मी काही खाल्लं का? तर म्हणाल्या, काही खाल्लं नाहीत. एक कच्चा टाका आईकडून येतो, एक बापाकडून. एकच कच्चा असला तर दुसरा धरून ठेवतो. माणूस ठणठणीत, केस सरळ, आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तुम्ही आणि तुमचे मालक तसेच असणार. पण दोघांकडचेही कच्चे एकाच पोरात आले की —

"की कोकरू," आत्या म्हणाली.

"म्हणून एकाच गावात, ज्या घरांत अशी मुलं जन्मलीत त्या घरांची आपसात लग्नं झाली, तर जास्त. आणि अशा केसांचं गावात जे कुणी असेल, लहान असो मोठं असो, त्या सगळ्यांना पाठवा माझ्याकडे."

 परतीच्या बसमध्ये आत्याने दोन मासेवडे खाल्ले, कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. मग बाहेर बघत म्हणाली —

"आमचा रोसेन्दो पळता पळता थांबायचा. वर बघायचा. मी विचारलं की म्हणायचा, पक्षी बघतोय. मला वाटायचं, काय पक्ष्यांचं वेड आहे पोराला."

विएल्का तिच्या खांद्यावर झोपली होती. आत्या खांदा हलवत नव्हती.

१६ जून

आत्या काल घरोघर जाऊन आली. जिथे लोकर, तिथे ती. "केव्हा जाताय दाखवायला? उद्या? उद्या नाही, आज!" आता या शिव्या औषधाच्या. गावात आणखी तीन छोटी कोकरं आहेत, एक तर अजून पाळण्यात. तिघांनाही पुढच्या आठवड्यात नेणार. म्हाताऱ्या बाया कुजबुजतायत, सान पेद्रो रागावेल. आत्या म्हणाली, "रागावला तर माझ्याकडे पाठवा."

एदिसनला म्हटलं, तू पण चल. इंजिनात डोकं. "मी? मी चोवीस वर्षांचा बैल आहे, आत्याला विचार. सान पेद्रो झाल्यावर बघू. आधी एवढं इंजिन." हट्ट केला तर हातावर ग्रीस फासलं माझ्या. साल्तोसबाई म्हणाल्याच की, सगळ्यांचं सारखं नसतं, काहींचं उशिरा. याचं नसेलच. दिसतंय ना!

१७ जून

आत्या माझ्या आणि एदिसनच्या जोडीबद्दल एक शब्द काढत नाहीये. समोर आला की आम्हा दोघांकडे बघते आणि मान फिरवते. मला कळतं तिच्या मनात काय चाललंय. माझ्यात एक कच्चा टाका असेल तर? रक्त तपासून कळतं म्हणे.

मग स्वतःवरच हसले. त्याने विचारलंय कुठे मला!

२१ जून

विएल्काचा रुसवा. झगा भिंतीवर टांगलेला, ती त्याच्याकडे पाठ करून बसलेली. "गोळ्या घेणार नाही. दोर धरणार. मी कोकरू आहे!" ताई रडायला आलेली. आत्याने समजावलं, लाडू दिला, दटावलं, काही नाही.

मी सहज म्हटलं, सान पेद्रो तरी कुठे ओढायचा? देवळातल्या चित्रात बघ, होडीत बसून बोट दाखवतोय नुसता. बाकीचे ओढतायत.

पोरगी विचारात पडली. मग वळली.

"मग मला खुर्ची पाहिजे. आणि शिट्टी. मी वाजवली की ओढायचं, मी हात केला की थांबायचं. कोंचा आजीनेसुद्धा!"

आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चाळीस वर्षांची टोपली गेली तिची!

"बरं," म्हणाली. "पण शिव्या मीच देणार."

२६ जून

तिघं छोटी दाखवून झाली. पाळण्यातलं बाळ ठीक आहे, दर सहा महिन्यांनी यायचं. एकाला गोळ्या सुरू. एकाला काहीच नाही, सध्या. साल्तोसबाईंनी विचारलं, मोठं कुणी नाही का? मी म्हटलं, एक आहे, इंजिनाच्या आत राहतो.

येताना उगाच तळलेली केळी घेतली त्याच्यासाठी. पिशवी मांडीवर गरम होती तोवर छान वाटत होतं. मग मीच खाल्ली.

२८ जून

उद्या सान पेद्रो! होड्यांना कागदी फुलं लावली. बँडवाले हिपिहापा गावाहून आले, ढोलवाला आताच झिंगलाय. खुर्ची देवळातून आणली, पाद्रींची. आत्याने स्वतः तिला शिंपले चिकटवले, चारदा उखडून पुन्हा.

दोराच्या टोकाला उद्या एदिसन. आत्यानेच सांगितलं त्याला, पण तिच्या नेहमीच्या आवाजात नाही. "तू मोठा आहेस, तुझं तू बघ. नेम मोडायला नको म्हणून विचारतेय." तो म्हणाला, हो, धरतो.

संध्याकाळी दोर तपासत एकटाच बसला होता. शेजारी जाऊन बसले. पाळण्यावर परत कधी जाणार विचारलं. म्हटलं, माहीत नाही. म्हणाला, एवढ्यात जाऊ नकोस. का? तर काही नाही, असंच. दोराच्या एकेका पिळावरून अंगठा फिरवत होता.

मला झोप येणार नाही आज. मूर्खासारखं हसू येतंय सारखं.

२९ जून, सान पेद्रो

विएल्का खुर्चीत, पांढरा झगा, तोंडात शिट्टी. सगळं गाव दोन दोरांवर. एदिसन टोकाला. शिट्टी झाली. दुसरी बाजू ओढायला लागली, आमची बाजू त्याच्या पहिल्या हिसक्याची वाट बघतेय, आणि त्याने दोर वाळूवर ठेवला. हळूच. आणि वळून, सगळ्यांदेखत, सरळ माझ्याकडे चालत आला.

बँड थांबला. बाया हसायला लागल्या, कुणीतरी शीळ घातली. मला वाटलं, मागणी घालतोय मेला! माझे तर कान तापले.

कानाशी वाकून म्हणाला, "दोन वर्षं झाली, जेसे. दोर ओढला की डोळ्यांपुढे अंधार येतो. कुणाला सांगितलं नाही. उद्याच्या पहिल्या बसने मला घेऊन चल."

खिडकी माझी, मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.